दुष्काळवकील आणि धावडमाळचं पाणी

सोलापूरच्या कोर्टात यज्ञेश्वर करकंबकर नावाचे एक वकील होते. फार मोठे नव्हते. मोठ्या वकिलांच्या दारात बग्गी असायची, यांच्या दारात सायकल होती आणि पावसाळ्यात तीही शेजाऱ्याच्या ओसरीवर ठेवावी लागायची. पण करकंबकर उलटतपासणीला उभे राहिले, की बाररूममधली मंडळी चहाचे कप तसेच टाकून ऐकायला येत. त्यांचं एक सूत्र होतं. ज्याचं उत्तर प्रश्नातच बसलेलं आहे असा प्रश्न साक्षीदाराला विचारायचा नाही. ‘तू तिथे होतास ना?’ म्हटलं, की गरीब माणूस भिडेखातर ‘होतो’ म्हणतो. म्हणून ‘तू कुठे होतास?’ एवढंच विचारायचं आणि मग गप्प बसायचं. नवशिक्या वकिलांना ते हे इतक्यांदा ऐकवत, की त्यांची पाठ वळली की ती पोरं ‘कुठे, कधी, कोणी’ म्हणत त्यांच्या चालीची नक्कल करत. हे सूत्र वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं, कारण पुढं करकंबकर स्वतःच ते विसरले आणि त्या विसरण्याचीच ही हकिकत आहे.

वकिलीचा त्यांना कंटाळा आला होता. तेच बांध, तेच भाऊ, तेच भांडण. बाप मेले की मुलगे त्याच खटल्यात येऊन उभे राहायचे. १९२६ च्या सुमाराला एका ओढ्याच्या पाण्यावरून दोन गावं कोर्टात आली. करकंबकरांनी दोन्हीकडच्या साक्षीदारांकडून त्या ओढ्याला कुठल्या महिन्यात किती पाणी असतं ते अगदी सोलून काढलं. जिल्ह्याचे तेव्हाचे गोरे साहेब मागच्या बाकावर बसून ऐकत होते. थोड्या दिवसांनी त्यांनी बोलावणं पाठवलं. दुष्काळ पडल्यावर तारांबळ उडते, तेव्हा तो पडण्याआधीच कुठल्या गावाला पाणी कुठून न्यायचं, चारा कुठे साठवायचा, मजुरीसाठी खडी फोडायची कामं कुठे उघडायची, हे ठरवून ठेवणारा एक माणूस साहेबांना हवा होता. जागेचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, ते कोणाच्या तोंडी बसलं नाही. बाररूमनं त्याच संध्याकाळी नाव ठेवलं, ‘दुष्काळवकील’.

“काय करकंबकर, तुमच्या पक्षकाराची तारीख कधी?” असं रस्त्यात कोणीही विचारी. पक्षकार म्हणजे दुष्काळ. हसण्यावारी न्यायचं, दुसरं काय करणार?

पण हसण्यावारी न्यायची गोष्ट त्यांच्या लेखी ती नव्हती. लहानपणी करकंबला असताना एका मोठ्या दुष्काळात त्यांच्या दारावरून धनगरांचा एक तांडा गेला होता. बायकांनी विचारलं, सरकारी काम कुठं चालू हाय? यांच्या वडिलांनी बोट दाखवलं. ते काम तिथून केव्हाच हललं होतं, वडिलांना ठाऊक नव्हतं. त्या माणसांचं पुढं काय झालं कोणालाच कळलं नाही, पण वडिलांनी मरेपर्यंत कोणाला पुन्हा वाट सांगितली नाही. ‘पाहून या, मग मी सांगेन,’ म्हणायचे. तेव्हा यज्ञेश्वरांनी नोकरी धरली ती एकाच हट्टानं. दुष्काळ यायचाच, तो काही त्यांच्या हातात नव्हता. पण तो येईल तेव्हा यादीतून एकही गाव सुटता कामा नये. त्यांच्या पत्नी यशोदाबाई म्हणाल्या, “करा तुम्हाला हवं ते. पण जेवताना तरी त्याचं नाव काढू नका.”

पुढची दहा वर्षं माणसानं काय केलं म्हणाल, तर न आलेल्या संकटाची वाट पाहिली. साहेब बदलत. नव्या साहेबाला जुन्या साहेबाची आखणी पसंत नसे, म्हणून ती नव्यानं करावी लागे. तोवर तो साहेब विलायतेला जाई. स्वातंत्र्याच्या चळवळीत, मार्शल लॉच्या दिवसांत सोलापुरात गोळ्या चालल्या, बाररूममधले दोघे-तिघे तुरुंगात गेले, आणि हे आपले सरकारी खोलीत बसून विहिरी मोजत होते. शेजारच्यांनी बोलणं टाकलं. कचेरीत त्यांच्याकडे गावातला माणूस म्हणून संशयानं पाहत, गावात कचेरीचा माणूस म्हणून. खरं सांगायचं तर दमलेल्या माणसाला अपमानसुद्धा अर्धाच लागतो.

एकच गोष्ट ते मनापासून करत, ती म्हणजे फिरती. माढ्यापासून सांगोल्याच्या माळापर्यंत त्यांनी गाव न् गाव पायाखाली घातलं. बरोबर धुळाप्पा नावाचा पट्टेवाला, एक छत्री आणि फिरकीच्या झाकणाचा तांब्या. सोवळं-ओवळं ते घरी खुंटीला टांगून निघत. गावात शिरलं की पहिल्या दारात उभं राहायचं आणि लोकांच्याच बोलीत विचारायचं, “पाणी हाय का?” ही बोली आपल्याला चांगली साधते याचा त्यांना जरा अभिमानच होता. समोरून उत्तर यायचं, “हाय की!” मग घोंगडं अंथरलं जाई, गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढं येई. ते पिऊन करकंबकर गावाच्या नावापुढं लिहीत: पाणी पुरेसे.

कोर्टात कोणी असा प्रश्न विचारला असता, तर त्यांनी त्याला सोलून काढला असता. पण माळावरची ही माणसं त्यांना साक्षीदार वाटलीच नाहीत. ती घरची वाटली, आणि तिथंच घात झाला.

सांगोल्याच्या पलीकडं, कुसळाच्या माळावर धावडमाळ म्हणून दहा-बारा घरांची धनगरवाडी होती. तिथल्या पहिल्या घरात तानाबाई राहायची. वय झालेली, काटक, बोलताना डोळे बारीक करणारी. पहिल्याच खेपेला करकंबकरांनी तिला विचारलं होतं आणि ती म्हणाली होती, “हाय की. लई हाय. बसा.” नंतरही ते त्या वाटेला गेले, की तिच्या दारात टेकल्याशिवाय पुढं जात नसत. ती त्यांना ‘आमचं वकीलसाब’ म्हणायची. कचेरीत दिवसभर कोणी आपलं म्हणत नसेल, तर अशा एका शब्दासाठी माणूस दोन कोस वाकडी वाट करतो.

मग एक साल असं आलं, की मृगही कोरडा गेला आणि हस्तही. माळ जळून काळा पडला. कचेरीत धावाधाव सुरू झाली आणि दहा वर्षं हसण्यावारी गेलेली करकंबकरांची आखणी कपाटातून बाहेर निघाली. आणि काय आश्चर्य, ती चालली! चारा वेळेवर हलला. खडीची कामं ठरल्या जागी उघडली. पाण्याच्या टाक्यांचे बैलगाडे ठरलेल्या वाटांनी जाऊ लागले. बाररूममधला एक जुना सोबती वाटेत थांबून म्हणाला, “जिंकलास गड्या.” करकंबकर घरी येऊन नुसते पडून राहिले. यशोदाबाईंनी विचारलं, “बरं नाही का वाटत?” ते म्हणाले, “बरं वाटतंय. सवय नाही, एवढंच.”

चैत्रात ते धावडमाळला गेले. वाडीवर बापई माणूस नव्हता; सगळे मेंढरं घेऊन नदीकाठाकडं गेले होते. राहिल्या होत्या बायका, म्हाताऱ्या आणि दोन-चार शेळ्या. उन्हानं जीव कासावीस झालेला. करकंबकर दारात उभे राहिले आणि नेहमीसारखं म्हणाले, “तानाबाई, पाणी हाय का?”

“हाय की. बसा.”

तिची सून अंबुबाई तांब्या घेऊन आली. करकंबकर अर्धा तांब्या प्याले आणि उरलेल्या पाण्यानं चूळ भरून, हात धुऊन, ते अंगणात फेकलं. ते जमिनीवर पडायचा अवकाश, शेळ्या धावत आल्या आणि ओली माती चाटू लागल्या. करकंबकर हसून वर पाहतात तो अंबुबाई त्या ओल्या मातीकडंच पाहत होती. शेजारच्या दारातली बाईही तिकडंच पाहत होती. त्या दोन नजरा पाहून बऱ्याच वर्षांनी करकंबकरांमधला वकील जागा झाला.

“तानाबाई, हे पाणी कोणी आणलं?”

“सुनंनं.”

“कुठून?”

“झिऱ्यावरनं. वड्याच्या वाळूत खड्डा केलाय न्हवं, वाटीवाटीनं भरायचं.”

“कुठे आहे तो ओढा?”

तानाबाईनं हात लांब करून डोंगर दाखवला. तो इतका दूर होता, की निळा दिसत होता.

“कधी गेली होती ही?”

“तांबडं फुटायच्या आदी. आत्ता तुमच्या म्होरंच आली की.”

सूर्य डोक्यावर आला होता. करकंबकरांनी रिकाम्या तांब्याकडं पाहिलं. “मग मी दर खेपेला विचारत होतो तेव्हा पाणी आहे म्हणून का सांगितलंत?”

“तुमी पानी मागितलंसा न्हवं?”

“मागितलं नव्हतं, बाई. विचारलं होतं. पाणी आहे का, म्हणून.”

“तेच की,” तानाबाई म्हणाली. तिला यात फरक दिसेना. “दारात आलेल्या मानसाला न्हाय म्हनायचं आमच्यात न्हाय.”

परतीच्या वाटेवर धुळाप्पा काहीतरी बोलत होता, यांना ऐकू येत नव्हतं. एक धावडमाळ चुकलं असतं तर गोष्ट वेगळी. पण त्या साऱ्या माळावर त्यांनी दारोदार हाच प्रश्न विचारला होता आणि दारोदार पाणी प्याले होते. दहा वर्षांची ती आखणी पाहुण्याला दिलेल्या तांब्यांवर उभी होती. वडिलांनी निदान एकदाच चुकीची वाट दाखवली होती.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांपुढं उभे राहिले. हे साहेब नवे होते, तरुण, वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग आखणीवरची सही दाखवली. “सही कोणाची?”

“माझी.”

“यात तुम्ही म्हणता पाणी आहे. आज म्हणता नाही. तुमची कोणती साक्ष मी खरी धरू?”

प्रश्न चोख होता. खुद्द करकंबकरांनीसुद्धा याच्याहून चांगला विचारला नसता. गाडे मोजकेच होते. धावडमाळकडं वळवायचे तर दुसऱ्या कोणाच्या तोंडचे काढायचे. साहेब म्हणाले, “मी स्वतः येऊन पाहीन.”

करकंबकर आदल्या दिवशीच धावडमाळला पोचले. तानाबाई तापानं फणफणून झोपली होती. तिच्या उशाशी बसून त्यांनी सासूसुनेला परोपरीनं सांगितलं. “उद्या साहेब येतील. पाणी आहे का विचारतील. ‘न्हाय’ म्हणायचं. खोटं बोलायला सांगत नाही मी, आहे तेच सांगायचं.”

“व्हय, म्हनते की,” अंबुबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. एवढी मोठी माणसं एवढ्याशा शब्दासाठी का काकुळतीला येतात, हे तिला कळत नसावं.

साहेबांची मोटार आली ती फुसफुसत. वाटेतल्या दगडांनी तिची पाण्याची टाकी फोडली होती आणि समोरून वाफा निघत होत्या. साहेबांचा चेहरा लालबुंद, सोड्याची बाटली रिकामी. ते खाली उतरले, टोपी काढली आणि परीक्षेला शिकलेल्या शुद्ध मराठीत अंबुबाईला म्हणाले, “बाई, तुमच्या गावात पाणी आहे काय?”

अंबुबाईनं करकंबकरांकडं पाहिलं. मग त्या घामाघूम पाहुण्याकडं पाहिलं. तिचे ओठ एकदा हलले आणि थांबले.

“हाय की,” ती म्हणाली. “बसा, सायेब.”

साहेबांनी करकंबकरांकडं नुसता एक कटाक्ष टाकला. तेवढ्यात ड्रायव्हर पुढं आला, “साब, गाडी कू पानी होना.” धुळाप्पानं तत्परतेनं करकंबकरांचा फिरकीचा तांब्या मोटारीत रिकामा केला. अंबुबाईनं घागर आणून दिली. ड्रायव्हरनं अर्धी आत ओतली, अर्धी वरून. फुटलेल्या टाकीतून पाण्याची धार लागली, शेळ्या पुन्हा धावल्या. “और होना,” ड्रायव्हर म्हणाला. शेजारच्या दारातून कळशी आली. मग त्याच्या पुढच्या दारातून.

करकंबकर बघत होते. त्या प्रत्येक घागरीत एकेका बाईची पहाट होती हे तिथं एकट्या त्यांनाच ठाऊक होतं, बायका सोडून. ‘थांबा’ हा एक शब्द पुरे होता. तो त्यांच्या गळ्यापर्यंत आलाही. पण साक्षीदार खरं बोलायच्या बेतात असताना मध्ये तोंड घालायचं नसतं, हेही त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं. त्यांनी तो शब्द गिळला. मला विचाराल तर त्या माणसानं केलेलं सगळ्यांत शहाणपणाचं काम ते आणि सगळ्यांत निष्ठुरही तेच.

वाडीतली शेवटची कळशी ओतून झाली. घरातून तानाबाईचा आवाज आला, “अंबू, घोटभर दे गं.” अंबुबाईनं आत जाऊन हंडा कलता केला, मग पालथा केला. तशीच दारात आली. तिनं करकंबकरांकडं पाहिलं. यांनी मान वळवली.

“आणखी पाणी आहे काय?” साहेबांनी विचारलं.

“आनते की,” अंबुबाई म्हणाली. डोक्यावर चुंबळ ठेवली, वर घागर ठेवली आणि चालू लागली.

“ती कुठे गेली?”

“पाणी आणायला, साहेब.”

“विहीर कुठे आहे?”

“ती परत येईपर्यंत बसू या,” करकंबकर म्हणाले. “मग मी सांगायची गरज राहणार नाही.”

मोटार पाण्यावाचून हलणार नव्हतीच. बाभळीच्या विरळ सावलीत सगळे बसून राहिले. सावली सरकली तसे तेही सरकले. साहेबांनी दोनदा उठून माळाकडं पाहिलं. माळावर कोणी दिसत नव्हतं. घरातून म्हातारी मधून मधून पाणी मागत होती. पहिल्यांदा सुनेचं नाव घेऊन मागत होती, मग नुसतंच ‘पानी’ म्हणत होती, मग तेही ऐकू येईनासं झालं. ती बोली न कळून साहेबांनी विचारलं, “ती काय म्हणत होती?” करकंबकरांनी शब्दशः भाषांतर करून सांगितलं.

सावल्या लांब झाल्या तेव्हा अंबुबाई परतली. पाहुण्यांकडं न बघता आत गेली, सासूचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या तोंडात बोटानं थेंब थेंब सोडत बसली. मग उरलेली घागर घेऊन बाहेर आली आणि ड्रायव्हरपुढं धरली. साहेबांनीच हात आडवा केला. मोटार बैल जुंपून सांगोल्यापर्यंत ओढत न्यावी लागली. वाटेत साहेब एवढंच म्हणाले, “उद्यापासून गाडे इकडे येतील. बाकीची गावं किती आहेत, तुम्ही पुन्हा पाहून या.”

करकंबकरांनी पाहिली. त्या उन्हाळ्यात त्यांनी सगळा माळ पुन्हा पालथा घातला. आता दारात ते सरळ विचारत, आज पाणी कोणी आणलं, कुठून आणलं, कधी निघाली होतीस? लोकांना हे प्रश्न आवडत नसत. पोलिसातला माणूस आला असं वाटून बायका आत जात. पण उत्तरं खरी मिळत. गावामागून गाव ‘पुरेसे’मधून निघालं आणि गाड्यांच्या वाटेवर आलं. त्या दुष्काळात तहानेनं गाव उठलं असं त्या माळावर झालं नाही. यशोदाबाईंनी त्यांचे सुजलेले पाय पाहून म्हटलं, “आता पेन्शन घ्या.” ते म्हणाले, “घेतो. एक गाव राहिलंय.”

वैशाखाच्या शेवटी ते धावडमाळला गेले. गाडा नुकताच येऊन गेला होता. दारोदारी घागरी, कळश्या, हंडे काठोकाठ भरून ठेवलेले होते. वाडीतल्या बायका त्यांना पाहून आपापल्या कामाला लागल्या. कोणी घोंगडं अंथरलं नाही. तानाबाई उंबऱ्यात बसली होती. तापातून उठली होती, पण फार खंगली होती. तिच्या शेजारी तांब्याची घागर होती, तोंडापर्यंत भरलेली, आणि घागरीवर तिचा हात होता.

करकंबकर उन्हातून चालत आले होते. फिरकीचा तांब्या वाटेतच संपला होता. आज त्यांना लिहून घ्यायचं नव्हतं, पडताळायचं नव्हतं. खरोखरीची तहान लागली होती आणि जुन्या सवयीनं ते म्हणाले, “तानाबाई, पाणी हाय का?”

तानाबाईनं डोळे बारीक करून त्यांच्याकडं पाहिलं. रागानं नव्हे.

“न्हाय,” ती म्हणाली.

धुळाप्पाला वाटलं, म्हातारीला ऐकू आलं नसेल. तो पुढं होऊन घागरीकडं बोट दाखवायला लागला, तेव्हा करकंबकरांनी त्याचा हात धरला.

“लिवा की, वकीलसाब,” तानाबाई म्हणाली. “ह्योच सबुद तुमाला पायजे हुता न्हवं?”

कुठे, कधी, कोणी, यातलं काहीच विचारण्यासारखं उरलं नव्हतं. मग त्यांनी छत्री उघडली आणि कोरड्या तोंडानं सांगोल्याची वाट धरली.